आज कोणाचा वार?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला शाळेत नाव घालण्याआधी एक काम उरकावे लागे. त्याला सात घरे शोधावी लागत. सोमवारी शनिवारातल्या एका वाड्यात, मंगळवारी कसब्यात दूरच्या मावशीकडे, बुधवारी वडिलांच्या ओळखीच्या एखाद्या कारकुनाकडे. याला वार लावून जेवणे म्हणत. गावच्या भटजींची किंवा एखाद्या नातलगाची चिठ्ठी घेऊन मुलगा दारात उभा राही, घरातला कर्ता पुरुष चौकशी करी आणि आठवड्यातला एक दिवस त्याच्या नावे लावून देई. सातही वार मिळाले तर नशीब. पाचच मिळाले तर उरलेले दोन दिवस चुरमुरे-फुटाण्यांवर नाहीतर माधुकरीवर काढायचे.

माधुकरी हा त्याहून जुना मार्ग. मुंज झालेल्या मुलाने खांद्याला झोळी अडकवून ठरलेल्या घरांपुढे उभे राहायचे आणि घरातून येईल तो भात-पोळी, आमटी-भाजी घेऊन परतायचे. शास्त्राने त्याला मान दिला होता, त्यामुळे त्यात भीक मागण्याचा कमीपणा नव्हता, निदान पोथीत तरी. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला दारात ताटकळताना काय वाटत असेल, ते पोथीत नाही.

पुण्याला फुकट जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची सवय पेशवाईपासूनची. श्रावणात पर्वतीजवळच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या दक्षिणेच्या पैशातून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिथल्या शास्त्र्यांच्या शिष्यांची संख्या बेताची होती आणि शहराला ती झेपत होती. पुढे इंग्रजी शिक्षणाने गर्दी वाढवली. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज, आणि कोकणातून, देशावरच्या खेड्यांतून मुले घाट चढून-उतरून येऊ लागली. या पिढीच्या शिक्षणाच्या हौसेची कल्पना धोंडो केशव कर्व्यांच्या एका फेरीवरून येते. मुरुडहून कुंभार्ली घाटाने ते परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वय फार लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. अशी मुले शहरात आली की फीचे कसेबसे जमे. खानावळीचे महिन्याचे पैसे मात्र आणायचे कुठून?

वाराच्या जेवणाला लेखी नियम नव्हते, तरी ते कडक होते. स्नान करून, सोवळ्याचा पंचा किंवा मुकटा नेसून, वेळेवर यायचे. लवकर आलेला मुलगा खादाड दिसतो आणि उशिरा आलेला घरच्या बायकांची दुपार खातो. तूप दुसऱ्यांदा मागायचे नाही. बाजारातून भाजी आणून दे, हौदावरून दोन घागरी पाणी आण, धाकट्याचे पाढे घे, अशी कामे कोणी सांगितली तर करायची. न सांगता केली तर वार टिकण्याची आशा अधिक. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे येणार नसलो तर आदल्या दिवशी सांगायचे. खानावळीत याला खाडा म्हणत आणि तिथे एका जेवणाचे पैसे वजा होत. वाराच्या घरी वजा होण्यासारखे काही नव्हते. मुलगा न सांगता राहिला, तर त्याच्या वाटणीचा भात झाकून ठेवून घरातली बाई एक-दोन वाजेपर्यंत उपाशी थांबे, कारण पंगतीतला शेवटचा पुरुष जेवल्याशिवाय तिचे पान मांडले जात नसे.

बहुतेक मुलांना हे पहिल्या खाड्यानंतरच कळत असणार. पुस्तकात नसलेला हा धडा ती मुले फार बारकाईने शिकली. दारातून पाऊल टाकताच घरचे वारे त्यांना समजे. आज कोणी आजारी आहे, आज नवरा-बायकोत काही झाले आहे, आज महिनाअखेर आहे आणि आमटी पातळ आहे. भूक लागलेली असतानाही पुरे कुठे म्हणायचे, हे त्यांना ताटातल्या भाकरीपेक्षा वाढणाऱ्या हाताकडे पाहून ठरवता येई. दुसऱ्याच्या मनाचा असा अंदाज खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलाला पंचविशीतही येत नाही.

पण ही जाण एका अंगाला लंगडी होती. ती उपकाराच्या ओझ्यातून आलेली होती, आणि उपकार ज्याच्या नावावर जमा होत तो घराचा मालक असे. वार लावून शिकलेल्या मोठ्या माणसांच्या आठवणींत आश्रयदात्या गृहस्थाचे नाव, हुद्दा, स्वभाव सगळे येते. चुलीपुढे बसलेली बाई ‘माऊली’ किंवा ‘अन्नपूर्णा’ या एका शब्दात आटोपते. कित्येक वाड्यांत सोवळ्यातला स्वयंपाक घरातल्या विधवा आत्याकडे किंवा काकूकडे असे. ती स्वतः एकभुक्त. दिवसातून एकदाच जेवणारी बाई वाराच्या मुलाला आग्रहाने वाढते आहे, आणि तो मुलगा उद्या बी.ए. होऊन मामलेदार होणार आहे. या व्यवहारातली विसंगती त्या काळी फार थोड्यांना टोचली. ज्यांना टोचली त्यांत कर्वे होते. कुंभार्ली घाट चालून गेलेल्या या मुलाने मोठेपणी, 1896 मध्ये, अशाच बायकांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला. शिकायचे असेल तर या बायकांना झोळी घेऊन कोणाच्या दारी जाता येण्यासारखे नव्हते. ते काम कर्व्यांनीच आयुष्यभर केले. ते गावोगाव वर्गणी मागत हिंडले.

गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे उदाहरण जरा अवघड आहे. बुद्धाचा धर्म नीट शिकायचा, त्यासाठी आधी संस्कृत शिकायचे, या ध्यासाने 1899 च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले, मग काशीला गेले आणि तिथे अन्नछत्रात जेवून शिकले. पुढे नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. या वणवणीतून पाली भाषेचा मोठा पंडित तयार झाला, आणि त्यांचे ‘निवेदन’ हे मराठीतल्या प्रांजळ आत्मचरित्रांपैकी एक आहे. निघताना मागे पत्नी बालाबाई आणि तान्ही मुलगी होती. काशीच्या अन्नछत्रातले जेवण कोणा दात्याच्या पैशाने होत होते, हे उघड आहे. त्या विद्येची दुसरी किंमत साखवाळला चुकती होत होती आणि तिची पावती कोणी फाडली नाही. कोसंबींना दोष देण्यासाठी हे लिहायचे कारण नाही. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी ज्ञानवेड्यांची घरे अशीच चालली.

आणखी एक गोष्ट त्या सात घरांच्या हिशेबात मावत नव्हती. वार मागायला दारापर्यंत कोण येऊ शके? ब्राह्मणाच्या स्वयंपाकघरालगत पाटावर बसण्याचा कुणबी, मराठा, जैन, लिंगायत मुलांच्या बाबतीत प्रश्नच नव्हता, आणि अस्पृश्य मुलांना तर शाळेच्या आत बसायला मिळण्याचीही मारामार होती. 1900 च्या सुमाराला साताऱ्यात भीमराव नावाचा सुभेदाराचा मुलगा शाळेत जाई. त्याला वर्गात बसायला वेगळे गोणपाट होते आणि ते रोज घरी न्यावे लागे, कारण झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे; शिपाई नसला तर पाणी नाही. न्हावी केस कापायला तयार नव्हता, म्हणून बहिणी ते काम करत. हे सगळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. वर्गातली बाकीची मुले दुष्ट नव्हती. त्यांतली कित्येक घरी आलेल्या वाराच्या विद्यार्थ्याला आदराने वाढताना पाहत मोठी झाली असतील. आपण पाणी पितो तेव्हा शेजारच्याला ते मिळत नाही, हे त्यांना दिसत होते, पण त्यात आपला काही हात आहे असे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी या कोंडीला हात घातला. राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवण्याचा प्रयत्न आधी झाला होता. पण ते हळूहळू फक्त ब्राह्मण मुलांचे होऊन बसले. तेव्हा महाराजांनी व्यवहारी मार्ग धरला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैनांचे, मग मुसलमानांचे, लिंगायतांचे, शिंप्यांचे, दैवज्ञांचे. अस्पृश्य मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांची चूल चालवावी, दरबाराने जागा आणि पैसा द्यावा. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी जात पक्की केली, असा आक्षेप नंतर घेतला गेला. त्यात तथ्य थोडे आहे. पण 1901 सालच्या मुलाला रात्री जेवायला काय मिळणार, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांना पडलेला नव्हता. महाराजांना पडला होता.

जैन बोर्डिंगमध्ये तेव्हा कुंभोजचा एक दांडगट मुलगा राहत होता, भाऊराव पायगोंडा पाटील. अभ्यासात बेताचा, तालमीचा शौकीन. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसायचे, असे बोर्डिंगच्या शिस्तीने सांगितले. त्याने ती आंघोळ नाकारली आणि बोर्डिंगमधली जागा गमावली. वाराच्या मुलाला शिकवला जाणारा धडा इथे उलटा झाला होता. वाढणाऱ्याचे मन राखायचे, तर आपण नुकतेच ज्या मुलांमध्ये बसून आलो त्यांना आपल्या आंघोळीने विटाळ ठरवायचे. दोघांपैकी एकाला दुखवणे भाग होते. विशीतल्या भाऊरावाने ताट सोडले.

त्याची पुढची परीक्षा याहून कठीण निघाली. 1914 मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. जैन समाजाचे पुढारी आणि त्या बोर्डिंगशी निकटचा संबंध असलेले अण्णासाहेब लठ्ठे यांना त्यात गोवण्यासाठी पोलिसांना साक्षीदार हवा होता. भाऊरावांवर खोटी साक्ष देण्यासाठी दबाव आला. त्यांनी नकार दिला, तुरुंग भोगला, छळ सोसला. ज्या बोर्डिंगने त्यांना ताटावरून उठवले, त्याच्याच कर्त्या माणसासाठी त्यांनी हे सोसले. चरित्रकार या दोन घटना सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात, पण त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. आपल्या एका सहीने दुसऱ्याच्या आयुष्याचे काय होईल, याचा विचार करताना त्यांनी जुना हिशेब काढला नाही.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये ती साताऱ्याला आली. ज्या गावात भीमरावाला गोणपाट घरी न्यावे लागे त्याच गावात. तिथल्या बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. पुढे साताऱ्यातल्याच धनिणीच्या बागेत हा संसार वाढला. आचारी, वाढपी, झाडूवाला हे सगळे मुलेच. पाळीपाळीने पीठ मळायचे, भाकऱ्या थापायच्या, पाणी भरायचे, लाकडे फोडायची, भांडी घासायची, रान तयार करायचे.

हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा होता. वाराचा मुलगा दुसऱ्याच्या घरचे मन जपायला शिकला, कारण ते बिघडले तर नुकसान त्याचेच होते. बोर्डिंगमधल्या मुलाची भाकरी करपली तर ती शंभर ताटांत जाई, आणि आळसाने पाणी भरायचे राहिले तर सकाळी सगळ्यांचा खोळंबा होई. शिवाय मांगाच्या मुलाने थापलेली भाकरी पाटलाच्या मुलाच्या ताटात पडत होती. ती खायची की उपाशी राहायचे, हे ज्याने त्याने ठरवायचे. खेड्यातून भेटायला आलेल्या आई-बापांना हे पाहून धक्का बसे आणि काही जण पोराला घेऊन जात. बरेच ठेवून जात. शिक्षणाची ओढ जातीच्या भीतीवर मात करते, हे भाऊरावांनी बरोबर हेरले होते.

बोर्डिंगला धान्य कुठून यायचे? गावोगाव मुष्टिफंड असे. दळायला बसण्याआधी घरातल्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते बोर्डिंगसाठी जमा करायचे. मुले ते गोळा करत. झोळी माधुकरीसारखीच, पण मूठ एका मुलाच्या नावाने निघत नव्हती, आणि ती काढताना जात विचारली जात नव्हती. तरीही कोठार रिकामे होण्याचे दिवस येत. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या या बाईने परजातीची मुले आधी घरात घेतली, मग चुलीपाशी घेतली. 1930 मध्ये त्या गेल्या. साताऱ्याच्या मुलांच्या आठवणींत त्या नुसत्या अन्नपूर्णा नाहीत. त्यांचे नाव आहे, त्यांचे दागिने कधी गेले ते आहे, त्यांचे रागावणेही आहे. स्वतः भाकरी थापलेल्या मुलांनाच भाकरी थापणारी बाई दिसते, असे मला यावरून वाटते.

याच काळात खानदेशात अमळनेरला वेगळाच प्रयोग चालू होता. औंध आणि पुण्यात हलाखीत शिकलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, 1924 मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि छात्रालय सांभाळू लागले. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणे घड्या करून ठेवत, मळके कपडे धुऊन वाळत घालत. काही बोलत नसत. ‘छात्रालय’ नावाचे एक हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढत, त्यातही याचा डांगोरा नसे. आपली अव्यवस्था कोणीतरी निस्तरते आहे आणि तो कोणीतरी म्हणजे आपले सर आहेत, हे कळल्यावर मुले ओशाळली आणि स्वतःची कामे करू लागली. ही पद्धत प्रत्येकाला जमणारी नाही. दुसऱ्या कोणी केली असती तर मुलांनी चादरी आणखी विस्कटल्या असत्या. गुरुजींना ती साधली, कारण मुलांना त्यांची लाज वाटावी इतके प्रेम त्यांनी आधी पेरले होते. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये लाकडाची मोळी उचलू न शकणाऱ्या म्हाताऱ्या महारणीला हात द्यायला श्यामची आई त्याला पाठवते आणि घरी येऊन आंघोळ कर म्हणते. भाऊरावांनी पंचवीस वर्षांपूर्वी नाकारलेली तीच आंघोळ. गुरुजी पुढे या आंघोळीपाशी थांबले नाहीत. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले.

साताऱ्याच्या त्या गोणपाटावरच्या मुलानेही वसतिगृहापासूनच सुरुवात केली. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, 1925 मध्ये, तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले.

पुण्यातली वारांची प्रथा एका दिवसात संपली नाही. 1909 मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहातली, मुले माधुकरी मागून आणत आणि एकत्र बसून खात. एकट्याची झोळी तिथे सामायिक झाली. मग दुसरे महायुद्ध आले. 1943 मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि इतर शहरांतही पसरले. घरात किती माणसे, हे आता कार्डावर लिहिलेले असे. मंगळवारी येणाऱ्या मुलाचे नाव कोणत्याच कार्डावर नव्हते. तो जे खाई ते घरच्या मुलाच्या वाटणीतून जाई, आणि हे त्यालाही ठाऊक असे. वाडे पडले, घरे दोन खोल्यांची झाली, सोवळे गेले आणि त्याबरोबर पाटही. 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तेव्हा खेड्यातून येणारा मुलगा सगळ्या जातींचा होता आणि त्याला सात घरे शोधायला सांगणे शक्यच नव्हते.

साताऱ्यात मात्र कमवा आणि शिका ही योजनाच झाली होती. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाने फुकट निवासी हायस्कूल निघाले, तिथे श्रम करून शिकायचे. 1947 मध्ये कॉलेज निघाले. आज पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत कर्मवीर भाऊरावांच्या नावाने ही योजना चालते. मुले ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काही तास काम करतात आणि त्या पैशातून मेसचे बिल भागवतात. लक्ष्मीबाईंच्या नावाने रयत संस्थेत शिक्षण निधी उभा राहिला. उच्च शिक्षणाला निघालेल्या गरीब मुलाने त्यातून कर्ज घ्यायचे आणि नोकरी लागली की फेडायचे, म्हणजे त्याच पैशावर पुढचा मुलगा निघेल. साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. परतल्यावर वकिलीत न रमता रयतच्या कॉलेजात शिकवू लागले, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.